न्यूटचा कामगंध : खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चोपडा-यावल पट्ट्यात मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. उत्क्रांतीचा धडा आला की मी दरवर्षी न्यूट नावाच्या प्राण्याची हकिगत सांगतो. मग प्रश्न सुरू होतात. मुलं विचारतात, घरी जाऊन सांगतात, आणि आठवड्याभरात त्यांचे आई-वडीलही बाजारात थांबवून विचारतात. हे सगळे प्रश्न एका जागी असावेत म्हणून इथे लिहून ठेवले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

न्यूट म्हणजे काय? फोटोत तर पालच दिसते.

दिसतो पालीसारखा, पण नातं बेडकाशी. पालीच्या अंगावर खवले असतात आणि ती कोरड्यात कवचाची अंडी घालते. न्यूटची कातडी ओली आणि बिनखवल्याची. अंडी पाण्यात, आणि पिल्लांना आधी कल्ले फुटतात. बेडूक मोठा होताना शेपूट गमावतो, न्यूट ती आयुष्यभर बाळगतो. शेपूटवाल्या या सगळ्या उभयचरांना मिळून सॅलॅमँडर म्हणतात. जगात त्यांच्या आठशेच्या आसपास जाती आहेत, आणि न्यूट हा त्यांतलाच एक गट. यातले बहुतेक जण विणीच्या दिवसांत पाण्यात उतरतात. पुढची सगळी गोष्ट त्या दिवसांतली आहे.

आपल्याकडे सापडतो का? तोरणमाळच्या तलावात आहे असं कोणीतरी म्हणालं.

नाही. यशवंत तलावात नाही, तापी-गिरणा-पांझरा-अनेरमध्ये नाही, सातपुड्याच्या एकाही नाल्यात नाही. महाराष्ट्रातच नाही. भारतात न्यूट फक्त पूर्व हिमालयात आणि ईशान्येकडच्या डोंगरांत आहेत. त्यांच्या प्रजातीचं नाव टायलोटोट्रायटन. दार्जिलिंग जिल्ह्यात जोरपोखरी नावाचं एक लहानसं अभयारण्य त्यांच्यासाठीच ओळखलं जातं. पूर्वी भारतातल्या सगळ्यांना एकच जात समजत. २०१५ साली नेपाळ-दार्जिलिंगकडचा न्यूट वेगळी जात म्हणून नोंदला गेला आणि त्याला हिमालयाचंच नाव मिळालं.

मग खानदेशातल्या माणसाला याचं काय?

हा प्रश्न मला एका कापूस उत्पादक काकांनी विचारला होता, आणि तेव्हा ते स्वतः कपाशीत कामगंध सापळे टांगत होते. उत्तर त्यांच्या हातात होतं.

गुलाबी बोंडअळीचा सापळा आपल्याकडे आता सगळ्यांना माहीत आहे. आतल्या रबरी गोळीत मादी पतंगाचा गंध असतो, नर त्याच्या ओढीनं येतो आणि पिशवीत अडकतो. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग सापडले की फवारणीचा विचार करायचा, हा हिशोब गावागावांत पाठ आहे. तो गंध म्हणजे एकाच रसायनाच्या दोन रूपांचं साधारण निम्मं-निम्मं मिश्रण. प्रमाण बिघडलं तर नर फिरकत नाही.

एका जिवानं सोडायचा आणि त्याच जातीच्या दुसऱ्या जिवाचं वागणं बदलायचं, अशा रसायनाला फेरोमोन म्हणतात. हा शब्द १९५९ साली रूढ झाला, आणि त्याच साली रेशमाच्या पतंगाचा कामगंध पहिल्यांदा वेगळा करून ओळखला गेला. कामगंध ही गोष्ट ज्यांना शेतातून माहीत आहे त्यांना न्यूट समजायला वेळ लागत नाही. फक्त तीन गोष्टी उलट्या करायच्या. इथे गंध नर सोडतो. तो हवेतून जात नाही, पाण्यातून जातो. आणि तो साधं रसायन नसून प्रथिन आहे, म्हणजे थेट जनुकात लिहिलेला.

ही तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. पतंगाचा गंध तयार करायला अनेक विकरं (एन्झाइम) एकामागून एक राबतात, त्यामुळे कुठल्या जनुकात काय बदललं की गंध कसा बदलेल, हे आडवळणानं शोधावं लागतं. न्यूटमध्ये जनुक वाचलं की गंध वाचला. उत्क्रांती अक्षर न अक्षर पाहायला मिळते.

नर-मादीचं नेमकं काय चालतं?

युरोपातले लहान न्यूट घ्या. नर मादीच्या समोर येऊन थांबतो. शेपूट दुमडून स्वतःच्या कुशीला लावतो आणि टोक भराभर थरथरवतो. त्या थरथरीनं पाण्याचा एक झोत मादीच्या नाकाकडे जातो. नराच्या अवस्करापाशी, म्हणजे मल-मूत्र आणि वीर्य ज्या एकाच द्वारातून बाहेर पडतं तिथे, एक मोठी ग्रंथी असते. तिचा स्राव त्या झोतात मिसळलेला असतो. नर मादीला शिवतही नाही.

मादीला रुचलं तर ती त्याच्याकडे सरकते. मग नर वळतो, पाठ करून पुढे रांगू लागतो, आणि मादी त्याच्या मागे निघते. तिनं शेपटीला नाक लावलं की तो तळाशी शुक्राणूंची एक पुडी ठेवतो आणि थोडा पुढे जातो. मादी त्याच मागावरून चालत येते, पुडीच्या वर येते आणि ती आपल्या अवस्करात ओढून घेते. फलन तिच्या पोटात होतं. नराला त्यासाठी कुठलंही लिंग नाही, पकड नाही, जबरदस्ती नाही.

आता आपल्याकडचा मृगाचा पाऊस आठवा. पहिल्या सरीला डबक्यात पिवळेजर्द झालेले मोठे बेडूक ओरडून रान उठवतात आणि मादी आली की तिला पाठीमागून घट्ट धरतात. त्यांच्याकडे आवाज आहे आणि मिठीही आहे. न्यूटच्या नराकडे यांतलं काही नाही. मादी दोन पावलं बाजूला गेली तर पुडी वाया. तिला चालतं ठेवायचं, तेही अगदी नेमक्या रेषेत, ही सगळी जबाबदारी त्या स्रावावर येते. म्हणूनच हा गंध इतका बारकाईनं घडलेला आहे असं मला वाटतं.

पाण्यात वास कसा येणार?

वास म्हटलं की आपल्याला हवा आठवते. पऱ्हाट्यांवर वांगी भाजायला घातली की भरीत कुणाच्या घरी आहे ते गल्लीच्या टोकाला कळतं, कारण ते रेणू हलके असतात आणि उडतात. न्यूटची प्रथिनं सुमारे २० किलोडाल्टन वजनाची, म्हणजे बोंडअळीच्या कामगंधाच्या रेणूपेक्षा साधारण सत्तरपट जड. ती हवेत उडणार नाहीत. पण पाण्यात विरघळतात, आणि शेपटीच्या झोतानं ढकलली तर नाकापर्यंत पोचतात. नाकपुडीतून ती जेकबसन अवयवात जातात. हा नाकाच्या वास घेणाऱ्या भागाशेजारचा वेगळा कप्पा असतो. सापाची जीभ आत-बाहेर होते ती अशाच अवयवाकडे कण पोचवण्यासाठी.

हवेतल्या गंधाबद्दल बोलतोच आहोत तर एक सांगून ठेवतो. रतनलाल ब्रह्मचारी या भारतीय शास्त्रज्ञांनी वाघाच्या खुणेच्या फवाऱ्यात जो सुगंधी रेणू ओळखला, तोच बासमती तांदळाला वास देतो. सातपुड्यात रात्री फिरणाऱ्या वनरक्षकांना हे सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात.

पहिला गंध कुठे ओळखला गेला?

जपानमध्ये, १९९५ साली. तिथल्या लाल पोटाच्या न्यूटच्या नरग्रंथीतून साकाए किकुयामा आणि सहकाऱ्यांनी दहा अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनं ज्या मण्यांची बनतात तशा दहा मण्यांची, एक छोटी साखळी वेगळी केली. अशा छोट्या साखळीला पेप्टाइड म्हणतात. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमध्ये सापडलेला हा पहिला पेप्टाइड कामगंध. त्याला सोडेफ्रिन हे नाव दिलं. जुन्या जपानात प्रिय व्यक्तीला बाही हलवून खूण करत, त्या खुणेला सोदेफुरी म्हणत, त्यावरून. नर शेपूट हलवतो आणि माणूस बाही हलवतो. इतकं सुंदर नाव मिळालेला रेणू मला दुसरा माहीत नाही.

प्रयोगशाळेत बनवलेली तीच साखळी पाण्यात सोडली तरी मादी तिच्याकडे गेली. नाकपुड्या बंद केल्या तर गेली नाही. आणि ती किती थोड्या प्रमाणात पुरते ते पाहा : लिटरमागे एका पिकोमोलचा दहावा हिस्सा ते एक पिकोमोल. धरणाच्या भाषेत सांगायचं तर खालच्या मर्यादेला एक टीएमसी पाण्यासाठी साधारण तीन ग्रॅम. हा गुणाकार मी मुलांकडून फळ्यावर करून घेतो, कारण नुसतं सांगितलं तर कोणी मानत नाही.

एका भागातला गंध दुसऱ्या भागातल्या मादीला चालतो का?

इथे अहिराणी मदतीला येते. बागलाणातली अहिराणी, धुळ्याकडची, जळगावची तावडी, यावल-रावेरकडची लेवा गणबोली. दर बारा कोसांवर भाषा बदलते हे आपण ऐकत आलो आहोत. सोडेफ्रिनचंही तसंच आहे.

लाल पोटाच्या न्यूटचा जवळचा नातेवाईक म्हणजे तलवारीसारख्या शेपटीचा न्यूट. त्याच्या गंधाचं नाव सिलेफ्रिन. तोही दहा अमिनो आम्लांचा, फक्त तिसऱ्या आणि आठव्या जागेवर फरक. तिसरीला प्रोलिनऐवजी ल्युसिन, आठवीला ल्युसिनऐवजी ग्लुटामिन. एवढ्या फरकानं एका जातीची मादी दुसऱ्या जातीच्या गंधाकडे ढुंकूनही पाहत नाही.

त्याहून नवल वाटतं ते पुढचं. लाल पोटाच्याच जातीत, जपानच्या नारा भागातल्या न्यूटमध्ये आणखी एक रूप सापडलं. तिथे आठव्या जागेवर ल्युसिनऐवजी व्हॅलिन. जात तीच, मुलूख वेगळा, आणि मादीची पसंती आपल्या मुलखातल्या रूपाला.

ज्यांनी जनुकीय संकेताचा तक्ता पाठ केलाय त्यांनी तो काढून पाहावा. वरचे तिन्ही बदल डीएनएमधलं एकेक अक्षर बदलूनही होऊ शकतात. एका अक्षरानं बोली बदलते. दोन गटांची मीलनं हळूहळू थांबली तर पुढे त्यांच्या दोन जाती होऊ शकतात, त्याची सुरुवात कशी दिसत असेल ते यातून डोळ्यांपुढे येतं.

हे जनुक आलं कुठून?

वर्गात सगळ्यांत जास्त शांतता याच उत्तराला असते, कारण यात नाग येतो.

सोडेफ्रिनची साखळी एका मोठ्या प्रथिनातून कापून निघते. तशीच मोठी प्रथिनं बाकीच्या न्यूटमध्ये न कापता, अख्खी वापरली जातात. या घराण्याला सोडेफ्रिन-पूर्वघटकासारखी प्रथिनं म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून एसपीएफ. बेल्जियममध्ये ब्रसेल्सच्या विद्यापीठात फ्रांकी बोसॉइत यांच्या गटानं नऊ जातींची जनुकं ताडून पाहिली, तेव्हा हे घराणं तीन-बोटी प्रथिनांतून निघाल्याचं दिसलं. या प्रथिनांची घडी एका तळव्यातून निघालेल्या तीन बोटांसारखी असते म्हणून हे नाव. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या शरीरात ती किती तरी साधी कामं करतात. नागाच्या विषातलं, मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोचू न देणारं घातक प्रथिनही याच तीन-बोटी कुळातलं.

एकाच मुळाच्या दोन फांद्या. एकीनं माणूस श्वासाविना मरतो, दुसरीनं न्यूटची मादी नराच्या मागे चालू लागते.

हे घडतं जनुकाच्या दुप्पट होण्यातून. पेशी डीएनएची नक्कल करताना कधी एखादं जनुक दोनदा उतरवलं जातं. घरात दोन चुली असल्या की एकीवर रोजची भाकरी चालू ठेवून दुसरीवर नवं काही करून बघता येतं. तसं एक प्रत जुनं काम सांभाळते, दुसरी बदलायला मोकळी राहते. पुष्कळदा ती बिघडते आणि निकामी होते. क्वचित तिला नवं काम सापडतं. सॅलॅमँडरमध्ये एसपीएफ अशी पुन्हा पुन्हा दुप्पट होत गेली, बेडकांमध्ये मात्र एकच प्रत राहिली.

यातल्या काही फांद्या फार जुन्या आहेत. पंजाच्या पावलाचा म्हणून ओळखला जाणारा पश्चिम युरोपातला पामेट न्यूट एकाच झोतात अनेक एसपीएफ प्रथिनं सोडतो, आणि त्यांचं एकमेकांपासून वेगळं होणं सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी सुरू झालं होतं, असा २०१५ सालचा अंदाज आहे. आपल्या पायाखालचा दख्खनचा काळा बेसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. ज्या लाव्ह्यावर आपली कपाशी उभी आहे तो ओतला गेला त्याच्या कितीतरी आधीपासून हा गंध पाण्यात फिरतो आहे.

सोडेफ्रिन मग नवं की जुनं?

प्रथिनांचं घराणं जुनं, ही दहा अमिनो आम्लांची साखळी नवी. आणि ती जन्मली एका घसरणीतून.

जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचलं जातं. तीन अक्षरं म्हणजे एक अमिनो आम्ल. मराठीत करून पाहू. समजा ओळ आहे :

बदक गवत नगर सरळ

आता ‘बदक’च्या पुढे ‘ट’ आणि ‘क’ ही दोन अक्षरं घुसली आणि वाचणारा तीन-तीननंच वाचत राहिला :

बदक टकग वतन गरस रळ

पुढचं सगळं विस्कटलं. पण नीट बघा, मधेच ‘वतन’ हा अर्थाचा शब्द उभा राहिला. तो मूळ ओळीत नव्हता. त्यातली अक्षरं मात्र तिथेच होती, फक्त त्यांची जोडणी वेगळी होती.

जपानी न्यूटच्या एका पूर्वजाच्या एसपीएफ जनुकात ६२ अक्षरांचा तुकडा असाच घुसला. ६२ ला ३ ने भाग जात नाही, दोन उरतात, त्यामुळे पुढची वाचनाची चौकट सरकली. अशा अपघातात बहुतेक वेळा प्रथिन वाया जातं. इथे सरकलेल्या वाचनातून एक दहा अमिनो आम्लांचा तुकडा तयार झाला जो कापून वेगळा काढता येत होता आणि ज्याला मादी प्रतिसाद देत होती. अख्ख्या प्रथिनांपासून स्वतंत्र असा नवा कामगंध जन्माला आला. वर सांगितलेली बोलीभाषा, तिसऱ्या आणि आठव्या जागेची, ती त्यानंतरची.

पालक कधी कधी म्हणतात, “सर, चुकीतून चांगलं कसं घडेल?” त्यांना मी हीच ओळ लिहून दाखवतो.

मादी फसते का? गंध दिला की कोणाच्याही मागे जाते?

या प्रश्नावर हसू नये, कारण २०१३ साली नेमका हाच प्रयोग झाला. ज्या पाण्यात नरांनी प्रणय केला होता ते पाणी घेतलं आणि दोन माद्या त्यात सोडल्या. नर नव्हताच. तरी माद्या जणू नर समोर आहे अशा वागू लागल्या, एकमेकींच्याही मागे लागल्या. गंधाच्या अमलाखाली समोर कोण आहे याची निवड त्या करत नव्हत्या.

म्हणजे शेपूट हलवणाऱ्या युरोपीय न्यूटमध्ये अख्ख्या प्रथिनांचं जुनं मिश्रण मुख्यतः ‘चालत ये’ एवढंच सांगतं, तर जपानी न्यूटचा लहान पेप्टाइड ‘मी तुझ्या जातीचा’ हेही सांगतो. एका शब्दात दोन्हींना कामगंध म्हणतो खरं, पण कामं वेगळी आहेत. निसर्गात मादी पूर्णपणे नराच्या हातातलं बाहुलं नसते. गंध पोचण्याआधी ती नराला पाहते, जवळ येऊ देते किंवा निघून जाते. झोत नाकाशी येईपर्यंतचा निर्णय तिचा.

ज्या न्यूटनी शेपूट हलवणं सोडलं त्यांचं काय झालं?

त्यांच्यात या जनुकांचं महत्त्व घटलं, काहींत अवस्कराजवळच्या भागात ती जवळजवळ बंदच पडली. काही डोंगरी ओढ्यांतले न्यूट मादीला शेपटीनं विळखा घालून धरतात. वाहत्या पाण्यात झोत सोडला तर तो मादीआधी पुढच्या डोहात पोचेल, हा माझा स्वतःचा तर्क आहे. पण पकड आली की गंधाची गरज ओसरते हे जनुकांत स्पष्ट दिसतं.

जमिनीवर राहणारे सॅलॅमँडर हा गंध कसा देतात?

हातोहात. किंवा खरं तर हनुवटीनं.

अमेरिकेत बिनफुप्फुसाच्या सॅलॅमँडरांचं मोठं कुळ आहे. जगातल्या निम्म्याहून जास्त सॅलॅमँडर जाती त्यातल्या. यांच्या नराच्या हनुवटीखाली ग्रंथी असते. जुनी रीत अशी की नर हनुवटी मादीच्या पाठीवर घासतो, वरच्या दातांनी तिची कातडी खरवडतो आणि स्राव थेट रक्तात जातो, लस टोचल्यासारखा. नंतर काही जातींत ही रीत बदलली. नर हनुवटी मादीच्या नाकावर चापट मारल्यासारखी टेकवतो. लीन हाउक आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली अशाच एका जातीत मादीला राजी करणारं प्रथिन ओळखलं. ते मात्र तीन-बोटी कुळातलं नाही, शरीराच्या रोगप्रतिकारात निरोप्याचं काम करणाऱ्या प्रथिनांच्या गोतातलं आहे. याच ग्रंथीत तीन-बोटी कुळातलंही एक लहान प्रथिन सापडतं. म्हणजे उत्क्रांतीनं एकाच कामाला दोन वेगळ्या घरची माणसं लावली.

या सॅलॅमँडरांचं रूप आणि प्रणयाची पद्धत कोट्यवधी वर्षांत फारशी हललेली नाही. बाहेरून सगळं स्थिर. पण गंधाची जनुकं झपाट्यानं बदलत राहिली. हे ओळखतात असं : जनुकातले काही बदल प्रथिनात काहीच फरक करत नाहीत, काही अमिनो आम्ल बदलतात. दुसऱ्या प्रकारचे बदल अपेक्षेपेक्षा जास्त साठलेले दिसले तर निवड बदलालाच साथ देत होती असा अर्थ. नराचा गंध बदलतो, मादीचा ग्राही, म्हणजे तो गंध ओळखणारं तिच्या नाकातलं प्रथिन, त्याच्याशी जुळवून घेतो किंवा त्याला टाळतो, मग गंध पुन्हा बदलतो.

मादी काहीच सोडत नाही का?

सोडते. जपानी न्यूटच्या मादीचा नराला ओढणारा गंध २०१७ साली ओळखला गेला. तीनच अमिनो आम्लांचा. त्याचं नाव इमोरिन.

हा गंध वर्षभर असतो का?

नाही, विणीच्या हंगामात. प्रोलॅक्टिन आणि नर संप्रेरकं मिळून ग्रंथीला कामाला लावतात. जे प्रोलॅक्टिन आईच्या दुधाशी जोडलेलं म्हणून आपण शिकतो, तेच न्यूटला जमिनीवरून पाण्याकडे ओढतं आणि गंधही तयार करवतं.

बेडकांत असे गंध असतात?

असतात. ऑस्ट्रेलियातल्या एका देखण्या वृक्षबेडकाच्या नराचा २५ अमिनो आम्लांचा गंध १९९९ साली सापडला. काही बेडकांच्या नरांच्या खास ग्रंथींत एसपीएफची ती एकुलती प्रतही कामाला लागलेली आढळली आहे. म्हणजे ओरडणाऱ्यांनीही गंध पूर्ण सोडलेला नाही. आपल्या डबक्यातल्या बेडकांकडे या नजरेनं कोणी पाहिलं तर मला फार आनंद होईल.

न्यूटची जनुकं वाचायला इतका वेळ का लागला?

पसारा फार. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरं. ॲक्सोलॉट्ल या मेक्सिकोच्या सॅलॅमँडरच्या संचात ३२०० कोटी, आणि तो २०१८ साली वाचून झाला. काही जातींत याहून कितीतरी जास्त. बहुतेक भाग पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांचा असतो. म्हणून गंधाच्या अभ्यासात सगळा संच न वाचता, ग्रंथीत त्या वेळी कुठली जनुकं चालू आहेत तेवढीच वाचतात. विणीच्या हंगामातली ग्रंथी हवी, नाहीतर हाती काही लागत नाही.

माणसाचा कामगंध असतो का? बाटल्या विकत मिळतात.

माणसातला एकही कामगंध अजून सिद्ध झालेला नाही. बाटलीवर पैसे घालवू नका.

न्यूट पाळता येईल का?

मनात आणू नका. भारतातल्या न्यूटना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. शिवाय परदेशी न्यूटच्या व्यापारातून सॅलॅमँडरची कातडी खाणारी एक बुरशी आशियातून युरोपात गेली आणि तिथले जंगली सॅलॅमँडर मोठ्या संख्येनं मेले. हे पाहिलेल्या कुणालाही तो छंद नकोसा वाटेल. आणि आपल्या उन्हाळ्यात, पारा ४५ वर गेला की थंड पाण्याचा हा जीव जगणारही नाही.

बारावीच्या मुलांना घरी काही करून बघता येईल?

येईल, आणि त्यासाठी न्यूटची गरज नाही. घरची कपाशी असेल तर दोन सापळे घ्या. एकात गुलाबी बोंडअळीची ल्यूर, म्हणजे गंधाची ती रबरी गोळी, दुसऱ्यात हिरव्या बोंडअळीची. दोन्हींमध्ये पुरेसं अंतर ठेवा, उंची पिकाच्या शेंड्याच्या थोडी वर. ल्यूर हाताळताना प्रत्येकीसाठी वेगळे हातमोजे वापरा, बोटांना लागलेला गंध दुसऱ्या सापळ्यावर गेला तर सगळं फसतं. रोज सकाळी एकाच वेळी पतंग मोजा आणि वहीत लिहा : तारीख, कुठला सापळा, कुठल्या जातीचे किती, रात्री वारा होता का, पाऊस झाला का. पंधरा दिवसांनी वही घेऊन या. कुठल्या सापळ्यात कोण आला आणि कोण आला नाही ते आपण एकत्र पाहू, आणि मग मी फळ्यावर सोडेफ्रिन आणि सिलेफ्रिन एकाखाली एक लिहीन.